बागेच्या सुशोभीकरणाआधी बागेच्या देखभालीची तरतूद मागा

प्रश्न : मी सेवानिवृत्त शिक्षिका असून आमच्या वसाहतीच्या रहिवासी संघाची सचिव आहे. आमचे शहर लहान, नगरपरिषदेचे. वसाहतीला लागून नगरपरिषदेची सुमारे एक एकराची बाग आहे. आज तिच्यातील घसरगुंडीचा पत्रा फाटला आहे, झोपाळ्यांच्या साखळ्या तुटल्या आहेत, आणि काही वर्षांपूर्वी बसवलेले कारंजे दुसऱ्याच वर्षी बंद पडून त्याच्या हौदात आता डास होतात. डिसेंबर २०२५ च्या निवडणुकीनंतर आलेल्या नव्या परिषदेने बागेच्या सुशोभीकरणासाठी ८० लाख रुपयांचे काम सुचवले आहे. त्यात संगीत कारंजे, प्रवेशद्वाराची कमान, हिरवळ, पेव्हर ब्लॉकचा चालण्याचा मार्ग आणि ओपन जिम आहे. आमच्याकडे नळाला तिसऱ्या दिवशी पाणी येते. त्यामुळे संघातील निम्मे लोक म्हणतात, आधी पाणी द्या, बाग नंतर. उरलेले म्हणतात, आलेला निधी हातचा का घालवायचा. पुढच्या पंधरवड्यात नगराध्यक्षा आणि मुख्याधिकारी रहिवाशांशी चर्चा करणार आहेत. आम्ही त्यांच्याकडे नेमके काय मागावे? आणि आमच्यातच एकमत नसताना बैठकीला जावे का?

उत्तर : सप्रेम नमस्कार.

बैठकीला अवश्य जा. एकमत होईपर्यंत थांबलात, तर अंदाजपत्रक मंजूर होऊन जाईल आणि नंतर बोलायला काही उरणार नाही. मात्र जाण्यापूर्वी एक गोष्ट शोधून काढा, कारण आपल्या संघातील बराचसा वाद त्या एका माहितीच्या अभावी चालू आहे, असे आपल्या पत्रावरून वाटते. ते ८० लाख रुपये कोणत्या निधीतून येणार आहेत?

नगरपरिषदेकडे येणारा पैसा सगळा सारखा नसतो. मालमत्ता कर, गाळ्यांचे भाडे, बाजार फी यांतून येतो तो तिचा स्वतःचा पैसा, आणि तो कुठे खर्च करायचा हे सर्वसाधारण सभा बऱ्याच मोकळेपणाने ठरवू शकते. वैशिष्ट्यपूर्ण योजना, नगरोत्थान यांसारख्या राज्य शासनाच्या योजना, जिल्हा नियोजन समितीचा निधी किंवा आमदार-खासदारांचा स्थानिक विकास निधी यांतून येणारी रक्कम ठरावीक कामासाठी मंजूर झालेली असते, आणि बागेच्या नावाने आलेली ती रक्कम परिषदेला आपल्या मर्जीने जलवाहिनीकडे वळवता येत नाही. वित्त आयोगाच्या अनुदानाचे आणखी वेगळे आहे. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१-२२ ते २०२५-२६ या काळासाठी आपल्यासारख्या शहरांना दिलेल्या अनुदानापैकी ६० टक्के रक्कम बंधित, म्हणजे ठरावीक कामांसाठीच राखून, ठेवली होती. तिच्यातील निम्मी पिण्याचे पाणी, पर्जन्यजल संधारण आणि पाण्याचा पुनर्वापर यांसाठी, आणि निम्मी स्वच्छता व घनकचरा व्यवस्थापनासाठी. उरलेली ४० टक्के रक्कम स्थानिक गरजेनुसार वापरण्याची मुभा होती, मात्र वेतन आणि आस्थापनेवर ती खर्च करता येत नव्हती. त्यातील काही रक्कम शिल्लक आहे का आणि पुढील काळासाठी अटी काय आहेत, हे लेखापालांना विचारा. ते सांगू शकतील.

या चौकशीतून दोनपैकी एक चित्र पुढे येईल. निधी एखाद्या योजनेतून केवळ बागेसाठीच आला असेल, तर ‘पाणी की बाग’ हा प्रश्न त्या रकमेपुरता उद्भवतच नाही. तेव्हा त्या रकमेतून कोणती कामे घ्यायची, यावरच बोलावे. निधी परिषदेच्या स्वतःच्या उत्पन्नातील असेल, तर मात्र पाणी आधी मागणाऱ्यांचे म्हणणे वजनदार आहे, आणि कायदाही त्यांच्या बाजूने झुकतो. महाराष्ट्र नगरपरिषदा अधिनियम, १९६५ मध्ये पाणीपुरवठा, दिवाबत्ती आणि स्वच्छता ही परिषदेची आवश्यक कर्तव्ये आहेत. सार्वजनिक उद्याने उभारणे आणि राखणे हे ऐच्छिक कर्तव्यांत मोडते. चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत उद्याने, बागा आणि क्रीडांगणे हा नागरी संस्थांचा विषय म्हणून बाराव्या क्रमांकावर आहे. म्हणजे बाग ही परिषदेची जबाबदारी नाही, असे कोणी म्हणू शकत नाही. पण तिसऱ्या दिवशी पाणी येणाऱ्या शहरात स्वतःच्या तुटपुंज्या उत्पन्नातून संगीत कारंजे उभारणे मला योग्य वाटत नाही, आणि आपण तसे बैठकीत स्पष्टपणे म्हणावे.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. निधी कोणताही असो, आपली पहिली मागणी बागेच्या देखभालीच्या वार्षिक तरतुदीची असावी. नवीन काम ही दुसरी मागणी. पहिली मान्य होत नसेल, तर दुसरीचा आग्रह सोडून द्यावा, इतक्या ठामपणे मी हे सांगत आहे.

आपले जुने कारंजे का बंद पडले असेल, याचा विचार करा. अशा कामांना पैसा मिळतो तो भांडवली खर्चासाठी, म्हणजे वस्तू उभी करण्यासाठी, आणि तो बहुधा बाहेरून येतो. वस्तू उभी राहिली, उद्घाटन झाले, की त्या पैशाचे काम संपते. त्यानंतर पंपाची दुरुस्ती, गाळणीची सफाई, विजेचे बिल आणि हौद धुणारा माणूस यांचा खर्च दर महिन्याला परिषदेच्या स्वतःच्या महसुली उत्पन्नातून करावा लागतो. त्यासाठी अंदाजपत्रकात वेगळे लेखाशीर्ष, म्हणजे त्या खर्चाची स्वतंत्र नोंद, आणि पुरेशी रक्कम नसेल, तर पहिला पंप जळाला त्या दिवशी कारंजे कायमचे बंद होते. यात एखाद्या अधिकाऱ्याचा निष्काळजीपणा असेलही, परंतु मूळ दोष तरतुदीत असतो. माणसे बदलली तरी तो तसाच राहतो. म्हणूनच नव्या परिषदेकडून तेच काम अधिक मोठ्या प्रमाणावर करून घेतल्याने काही साधणार नाही.

हा खर्च किती असतो, याचा साधा हिशेब आपण स्वतः मांडू शकता, आणि तो लिहून बैठकीत ठेवावा. समजा, बागेसाठी दोन कामगार लागतात आणि एका कामगारावर सर्व मिळून महिन्याला १५ हजार रुपये खर्च होतात. तेवढ्यानेच वर्षाला ३ लाख ६० हजार आणि दहा वर्षांत ३६ लाख रुपये होतात, तेही वेतनवाढ न धरता. कारंज्याला पाच अश्वशक्तीचा पंप असेल आणि तो रोज दोन तास चालला, तर वर्षाला सुमारे २,७०० युनिट वीज लागते. तिला नगरपरिषदेच्या वीजदराने गुणा. त्यात दिव्यांचे बिल, झोपाळ्यांच्या साखळ्या आणि बेअरिंग, रंगकाम, ओपन जिमच्या यंत्रांचे वंगण व दुरुस्ती आणि स्वच्छतागृहाची रोजची सफाई धरा. ८० लाखांच्या कामाचा दहा वर्षांचा हिशेब केला, तर उभारणीइतकीच किंवा तिच्याहून अधिक रक्कम देखभालीला लागू शकते. मुख्याधिकाऱ्यांना विचारण्याचा पहिला प्रश्न असा असावा : प्रस्तावातील प्रत्येक बाबीचा वार्षिक देखभाल खर्च किती धरला आहे, आणि तो येत्या अंदाजपत्रकात कोणत्या लेखाशीर्षाखाली दाखवला आहे? या प्रश्नाचे उत्तर ज्या बाबीसाठी मिळणार नाही, ती बाब प्रस्तावातून काढावी, अशी लेखी विनंती करा. कारंजे आणि हिरवळ या दोन्हींना ही कसोटी पार करणे अवघड जाईल, असा माझा अंदाज आहे.

हिरवळीबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण आपल्या शहराच्या पाण्याचा प्रश्न तिथेच बागेला येऊन भिडतो. उन्हाळ्यात हिरवळीला दर चौरस मीटरला दिवसाला सुमारे पाच लिटर पाणी लागते. बागेतील केवळ एक हजार चौरस मीटर जागेवर हिरवळ केली, तर रोज पाच हजार लिटर, म्हणजे दहा हजार लिटरच्या टँकरचा अर्धा भाग झाला. एप्रिल-मे महिन्यांत घरात पाण्याचे पिंप भरून ठेवणाऱ्या गृहिणीसमोर बागेत पाइपने पाणी सोडले जाणे कोणालाही सहन होणार नाही, आणि होऊही नये. याउलट कडुनिंब, करंज, बहावा, ताम्हण, कांचन अशी आपल्या हवामानातील झाडे पहिली दोन-तीन वर्षे ठिबकने जगवली, की पुढे फारसे पाणी मागत नाहीत आणि जी सावली देतात ती कोणतीही हिरवळ देऊ शकत नाही. एप्रिलमधल्या दुपारी बागेत बसायला सावलीच लागते.

याच ठिकाणी आपल्या संघातील दोन्ही बाजूंना एकत्र उभे राहता येईल, असे मला मनापासून वाटते. एक एकर म्हणजे ४,०४७ चौरस मीटर. वर्षाला ७०० मिलिमीटर पाऊस पडत असेल, तर त्या जागेवर सुमारे २८ लाख लिटर पाणी पडते. आज ते गटारात वाहून जात असेल. बागेच्या उतारावर शोषखड्डे आणि पाणी मुरवण्याचे चर घेतले, बागेत किंवा शेजारी असलेल्या विंधनविहिरीचे पुनर्भरण केले, तर त्यातील मोठा भाग जमिनीत जाईल. पर्जन्यजल संधारण हे काम वित्त आयोगाच्या बंधित निधीच्या चौकटीतही बसत आले आहे, त्यामुळे ‘बागेसाठी पैसा नाही’ असे उत्तर आल्यास हा मार्ग सुचवता येईल. राज्याच्या ‘माझी वसुंधरा’ या पर्यावरणविषयक अभियानातही भूमी आणि जल या घटकांखाली अशा कामांचे गुणांकन होते, आणि परिषदेला त्यात रस असतो. शहरात सांडपाणी प्रक्रिया प्रकल्प चालू असेल, तर त्याचे शुद्ध केलेले पाणी झाडांना देता येईल का, हेही विचारा. पाणी आधी मागणाऱ्यांना यात पाण्याचे काम दिसेल, बाग मागणाऱ्यांना बाग दिसेल, आणि दोघांचेही खरे असेल.

त्यामुळेच पेव्हर ब्लॉकच्या मार्गाकडे नीट पाहा. सगळी बाग फरसबंद केली, की मुरणारे पाणी घटते आणि जमीन तापते. झाडांच्या बुंध्यापर्यंत काँक्रीट भिडवण्याची चूक तर सर्रास होते. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीतील यंत्रणांना झाडांभोवतीचे एक मीटरपर्यंतचे काँक्रीट काढण्याचा आदेश दिला होता, एवढे या प्रश्नाचे गांभीर्य आहे. चालण्याच्या मार्गाचा बराचसा भाग दाबलेल्या मुरुमाचा ठेवावा, जो गुडघ्यांनाही सोसतो. प्रवेशद्वारापासून बाकांपर्यंत आणि स्वच्छतागृहापर्यंतचा भाग मात्र पक्का, सपाट आणि उताराच्या मार्गासह असावा, म्हणजे चाकाच्या खुर्चीवरील व्यक्तीला आणि काठी टेकत येणाऱ्या आजोबांना आत जाता येईल. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार सार्वजनिक जागा त्यांना वापरता येण्याजोगी असणे बंधनकारक आहे. आपण ती मागणी करताना उपकार मागत नाही. जुनी झाडे तोडण्याचा विषय निघाल्यास राज्याचा १९७५ चा वृक्ष संरक्षण कायदा आणि त्यातील २०२१ ची दुरुस्ती लक्षात असू द्या. पन्नास वर्षे वा त्याहून अधिक वयाच्या झाडांना त्या दुरुस्तीने विशेष संरक्षण दिले आहे.

बैठकीपूर्वीच्या दिवसांत आपल्या संघाने एक काम करावे, आणि ते शिक्षिका म्हणून आपण उत्तम रीतीने घडवून आणाल. बागेत सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी दोन-दोन जणांनी बसून कोण येते याची नोंद करावी. त्याहून महत्त्वाची नोंद, कोण येत नाही याची. सकाळी चालायला येणारे ज्येष्ठ नागरिक बैठकीला येतील आणि आपले म्हणणे नीट मांडतील. पण संध्याकाळी अंधार पडताच मुलीला घेऊन बागेतून निघून जाणारी आई, स्वच्छतागृह नसल्याने तासाभरापेक्षा जास्त न थांबणारी आजी, बाजूच्या वस्तीतील, घरात खेळायला जागा नसलेली मुले आणि चार घरांची कामे उरकून दुपारी जरा टेकायला जागा शोधणाऱ्या बायका बैठकीला येणार नाहीत. या बायकांना दुपारी फाटकाला कुलूप दिसते, कारण अनेक बागा भर दुपारी बंद ठेवतात. ज्या बागेत त्यांना येता येत नाही, ती बाग सार्वजनिक निधीतून सुशोभित करण्याचा आग्रह मला पटत नाही. त्यांच्याशी बोलून जे समजेल, ते आपल्या निवेदनात त्यांच्याच गरजांच्या क्रमाने लिहा. माझ्या अनुभवात अशा चौकशीतून कमानीची मागणी कधी पुढे आलेली नाही. पुढे येतात ती चालू स्थितीतील स्वच्छतागृह, मार्गालगतचे पुरेसे दिवे, पाठ टेकता येईल असे बाक, पिण्याच्या पाण्याची सोय आणि एक माणूस, जो दिवसभर बागेत असतो. अलीकडे बागांतून क्रिकेटला बंदी करणारे फलक लागतात. वाढत्या वयाच्या मुलांना खेळायला दुसरी जागा न देता त्यांना हाकलणे अन्यायाचे आहे, तेव्हा त्यांच्यासाठी बागेचा एक कोपरा किंवा ठरावीक वेळ राखावी, हेही सुचवा.

लहान मुलांची खेळणी हा मुद्दा मात्र बैठकीची वाट न पाहता आजच लेखी कळवा. तुटकी साखळी आणि फाटका पत्रा यांमुळे मूल जखमी होऊ शकते, आणि त्यांच्या दुरुस्तीला ८० लाख लागत नाहीत. नव्या खेळण्यांखाली काँक्रीट किंवा पेव्हर नको, सुमारे एक फूट खोल वाळू असावी, ही अट कामाच्या इस्टिमेटमध्येच लिहून घ्या.

कागदपत्रांविषयी सांगतो. बागेच्या कामाचे इस्टिमेट, नकाशा, सर्वसाधारण सभेचा ठराव आणि जुन्या कारंज्याची पूर्ण फाइल, म्हणजे कार्यादेश, ठेकेदाराला दिलेली देयके आणि दोषदायित्व कालावधीची अट, आपण पाहिली पाहिजे. त्या कालावधीत झालेला बिघाड ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायचा असतो, आणि तसे झाले नसेल तर नव्या कंत्राटात ही अट कशी अमलात आणणार, असा प्रश्न साधार विचारता येईल. राज्य शासनाने २०१८ मध्ये काढलेल्या आदेशानुसार स्थानिक स्वराज्य संस्थांच्या कार्यालयांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत नागरिकांना अभिलेख पाहता येतात. आधी त्या मार्गाने जा. तेवढ्याने काम न झाल्यास माहितीचा अधिकार आहेच : दहा रुपयांचे शुल्क, एका अर्जात एकच विषय, साधारण १५० शब्दांची मर्यादा आणि उत्तरासाठी ३० दिवसांची मुदत. बैठक पंधरवड्यावर असल्याने ते उत्तर बैठकीपूर्वी हाती येण्याचा भरवसा नाही, पण अंदाजपत्रकावरील पुढच्या चर्चेला उपयोगी पडेल.

नागरिकांनी अंदाजपत्रकात सूचना करणे ही काही नवलाची गोष्ट नाही, हे परिषदेला सांगण्यासाठी पुण्याचे उदाहरण जवळचे आहे. पुणे महानगरपालिकेने २००६-०७ पासून नागरिकांकडून अर्ज मागवून त्यांनी सुचवलेली, पाच लाखांपर्यंतच्या खर्चाची लहान कामे अंदाजपत्रकात घेण्याची पद्धत सुरू केली. तिथे स्थळ, काम आणि गरज नेमकी लिहावी लागते, आणि आपल्या निवेदनालाही तीच शिस्त हवी. ‘बाग सुधारा’ या वाक्याचे कोणतेही इस्टिमेट होत नाही. ‘पूर्वेच्या भिंतीलगत चालण्याच्या मार्गावर दिवे बसवा’ याचे होते. नगरपरिषदांच्या शहरांत अशी पद्धत क्वचितच आढळते. घटनेने प्रभाग समित्या बंधनकारक केल्या त्या तीन लाख आणि त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरांसाठी, आणि राज्याने २००९ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून आणलेल्या क्षेत्रसभा, म्हणजे प्रभागातील मतदारांच्या सभा, बहुतांश ठिकाणी कागदावरच राहिल्या. त्यामुळे आपल्या नगराध्यक्षांनी स्वतःहून बैठक बोलावली आहे, याचे महत्त्व ओळखा आणि तसे त्यांना मोकळेपणाने सांगा. आपल्या नगरसेवकांनाही सोबत घ्या, कारण सभागृहात ठराव मांडायचा आहे तो त्यांनी.

आणखी दोन गोष्टी थोडक्यात. बागेची जागा शहराच्या विकास आराखड्यात उद्यान म्हणून दाखवली आहे की मंजूर ले-आउटमधील खुली जागा आहे, याची नगररचना विभागातून खात्री करून घ्या. सुशोभीकरणाच्या ओघात पुढे सभागृह, गाळे किंवा मंडप येण्याचे प्रकार घडतात. आराखड्यातील आरक्षण बदलायचे असेल, तर जाहीर सूचना देऊन हरकती मागवाव्या लागतात. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये बंगळूरु मेडिकल ट्रस्ट विरुद्ध मुद्दप्पा या खटल्यात उद्यानासाठी राखलेली जागा खासगी रुग्णालयासाठी देणे अवैध ठरवले, आणि त्या भागातील रहिवाशांना दाद मागण्याचा हक्क आहे, हेही मान्य केले. दुसरी गोष्ट अशी, की देखभालीचा मुद्दा काढताच ‘मग बाग तुमच्या संघानेच दत्तक घ्यावी’ असा प्रस्ताव येण्याची शक्यता आहे. श्रमदान, झाडांची निगा, तक्रारींची नोंद ही कामे संघाने आनंदाने घ्यावीत. मात्र वेतन, वीज आणि दुरुस्तीचा खर्च स्वीकारू नये, आणि करार झालाच तर प्रवेश सर्वांना खुला व विनामूल्य राहील, ही अट पहिल्या परिच्छेदात असावी. मुंबईत मोकळ्या जागा दत्तक देण्याच्या धोरणावरून २०१६ मध्ये मोठा वाद होऊन त्याला स्थगिती द्यावी लागली, त्यामागे सार्वजनिक जागा मूठभरांच्या होतील हीच भीती होती.

आता आपल्या शेवटच्या काळजीविषयी. मतभेद लपवून बैठकीला गेलात, तर ते तिथे सर्वांसमोर उघडे पडतील आणि ‘आधी तुमचे ठरवा’ असे उत्तर मिळेल. त्यापेक्षा आधी एक संध्याकाळ संघाने एकत्र बसून दोन पानांचे निवेदन तयार करावे. पहिल्या पानावर ज्यावर सर्वांचे एकमत आहे ते : खेळण्यांची तातडीची दुरुस्ती, कारंज्याचा हौद रिकामा करून बुजवणे, देखभालीसाठी स्वतंत्र लेखाशीर्ष, स्वच्छतागृह आणि दिवे, पाणी मुरवण्याची कामे. माझा अंदाज आहे की ही यादी आपल्याला वाटते त्यापेक्षा लांब निघेल. दुसऱ्या पानावर मतभेदाचे मुद्दे दोन्ही बाजूंच्या कारणांसह, कोणाचेही म्हणणे सौम्य न करता. निधीच्या स्रोताची माहिती मिळाल्यावर त्यांतील काही मुद्दे आपोआप गळतील. बोलण्यासाठी दोघांची निवड करा, एक पाणी आधी मागणाऱ्यांतील आणि एक बाग मागणाऱ्यांतील, आणि पहिले पान पाणी आधी मागणाऱ्यांच्या प्रतिनिधीने वाचावे. मुख्याधिकाऱ्यांकडे अपुरे कर्मचारी आणि वसुलीचा ताण असतो, हे ध्यानात ठेवून बोला; पण ‘बघू’, ‘करू’ या उत्तरांवर उठू नका. प्रत्येक मुद्द्यावर कोण, केव्हापर्यंत काय करणार, हे तिथल्या तिथे विचारा.

बैठकीनंतर दोन दिवसांच्या आत, झालेल्या चर्चेचा आणि दिलेल्या आश्वासनांचा गोषवारा मुख्याधिकाऱ्यांच्या नावे लेखी द्या, त्याची प्रत नगराध्यक्षांना आणि आपल्या नगरसेवकांना द्या, आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक व शिक्का घ्या. अंदाजपत्रकाची सभा झाल्यावर मंजूर ठरावाची प्रत मागा आणि एप्रिलमध्ये मंजूर अंदाजपत्रक उघडून उद्यान देखभालीसमोर किती रक्कम लिहिली आहे ते पाहा. ती रक्कम आपण मांडलेल्या हिशेबापेक्षा फार कमी असेल, तर कारंज्याची आणि कमानीची निविदा निघण्यापूर्वीच, वर्षअखेरची वाट न पाहता, पुन्हा भेटीची वेळ मागा.